रविवारचं आईस्क्रीम आणि मेघाची तहान

मेघाला घेऊन मी पुण्याला निघाले त्या सकाळी बुऱ्हाणपूर स्टेशनवर गाडी उशिरा येणार होती. तेवढ्या वेळात आईनं तिला तीनदा खायला लावलं. आधी पुरी, मग केळं, मग इतवारा बाजारातून आणलेली मावा जिलेबी. मेघा हसत खात होती. एकोणीस वर्षांची, गोबऱ्या गालांची, माझ्याहून सात वर्षांनी धाकटी बहीण. मी दोन वर्षं आधीच पुण्यात गेले होते, एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीवर. तिला तिथल्या एका डिझाइनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता.

गाडी दिसली तशी आईनं माझा हात धरला. "तुह्या हवाली करून रायली मी हिला. जशी नेली तशी आन."

 अण्णांनी, आमच्या वडिलांनी, बॅगा चढवल्या आणि खिडकीच्या गजांवर हात ठेवून उभे राहिले. गाडी हलल्यावर थोडं बरोबर चालले, मग थांबले. मला तेव्हा आईचं बोलणं नेहमीचंच वाटलं होतं. सगळ्याच आया असं काही ना काही बोलतात.

तुमच्यातले जे बुऱ्हाणपुरातच राहिलात त्यांना वाटतं की गेलेली माणसं पहिल्या दिवसापासून मजेत असतात. मेघा पहिले तीन आठवडे रोज रडली. डबा तसाच परत आणायची. तिला पुण्याचं मराठी कळायचं, पण बोलायला लाजायची. "मी जाऊन रायली" म्हटलं की वर्गातल्या मुली हसायच्या, म्हणून ती वर्गात हिंदीतच बोलायला लागली. मला कामावरून सुट्टी मिळेना. तिला कसं रमवावं तेही सुचेना. शेवटी एका रविवारी मी तिला आईस्क्रीमच्या दुकानात नेलं.

बुऱ्हाणपुरात आम्हाला थंड म्हणजे दोनच गोष्टी माहीत होत्या. उन्हाळ्यात गल्लीत येणारी कुल्फीची गाडी आणि बर्फाचा गोळा. इथं काचेमागं चाळीस-पन्नास रंग मांडलेले, आणि काउंटरवरची मुलगी छोट्या चमच्यानं हवं ते फुकट चाखायला देत होती. मेघानं नऊ चमचे चाखले. मग जांभळाचं सॉर्बे घेतलं. सॉर्बे म्हणजे काय, असं तिनं त्या मुलीला विचारलं. दूध नसतं, नुसतं फळ, साखर आणि पाणी, असं उत्तर मिळालं.

"म्हणजे गोळाच," मेघा मला हळूच म्हणाली, "कॉलेज करून आलेला."

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती. मग आम्ही तो नियमच केला. दर रविवारी एक नवं दुकान. मस्तानी, सीताफळाचं आईस्क्रीम, गरम वॉफल, तव्यावर खरवडून गुंडाळलेलं आईस्क्रीम, एकदा तर कोळशासारखं काळं काहीतरी, ज्यानं दोघींचे दात काळे झाले. मेघा प्रत्येकाचा फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. धूलकोटची मामी खाली लिहायची, "आमच्यासाठी पार्सल भेजो."

आता ते फोटो ओळीनं लावून बघितले की सगळं दिसतं. ऑगस्टमधली मेघा, सप्टेंबरमधली, ऑक्टोबरमधली. गाल उतरत गेलेले. डोळ्यांखाली सावली. हातातला कप मात्र दर फोटोत मोठा होत गेलेला.

तेव्हा मला ते दिसत होतं, पण मी त्याला भलतीच नावं देत होते. ती बारीक झाली तर म्हटलं, छान, पुणं मानवलं तुला. मैत्रिणींनीही तिला विचारलं, डाएट कोणतं करतेस? तिला खूप तहान लागायची. दोन लिटरची बाटली दुपारपर्यंत रिकामी व्हायची आणि ती माझीही प्यायची. मला वाटलं, इथलं जेवण तिखट. ती सारखी बाथरूमला जायची. मला वाटलं, एवढं पाणी प्यायल्यावर होणारच. संध्याकाळी आली की बुटांसकट पलंगावर पडायची. त्यावरून मी तिला बोलले. "मी दहा तास काम करून येते आणि तू नुसती लोळतेस?"  ती उठली, पोळ्या करायला लागली आणि दोन पोळ्यांनंतर ओट्याला टेकून उभी राहिली.

त्याच सुमारास आमच्या बाथरूममध्ये लाल मुंग्या यायला लागल्या. संडासाच्या कडेनं त्यांची रांगच लागायची. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याकडं एकही मुंगी नाही आणि तिथं शंभर. मी मुंग्यांचा खडू आणला, रेघा ओढल्या, आणि ते विसरून गेले.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "ही वाळली का गं?"

"फोनमध्ये तसं दिसतं आई," मी म्हटलं.

दिवाळीच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी मेघाला बाहेर पडायचंच नव्हतं. पोट दुखतंय म्हणाली. मीच तिला ओढून नेलं, नवं दुकान होतं, लिंबाचं सॉर्बे चांगलं मिळतं असं ऐकलं होतं. भिंतीवर भला मोठा बोर्ड होता. मेघा डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत राहिली. "ताई, तू वाच ना. मला धूसर दिसतंय." मी वाचून दाखवलं. तिनं सॉर्बे घेतलं, संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं. मग वितळलेलं पाणी कप तोंडाला लावून प्यायली. कप खाली ठेवला तेव्हा तिचे ओठ कोरडे होते. तेवढं थंड पोटात गेल्यावरही कोरडे. मला ते तेव्हाच खटकलं होतं, हे मी खरं सांगते. पण मी काय केलं? फोटो काढला.

दोन दिवसांनी आम्ही दिवाळीला घरी निघालो. गाडीत तिनं दोनदा उलटी केली. भुसावळ गेल्यावर ती लांब लांब, खोल श्वास घ्यायला लागली, जिना चढून आल्यासारखा, आणि ती तर आडवी पडलेली होती. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही. घरी गेलं की बरं वाटेल."

बुऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. अण्णा घ्यायला आले होते.

अण्णांबद्दल इथं सांगायला हवं. तापीकाठी आमची थोडी केळीची बाग आहे, पण त्यांचं निम्मं आयुष्य केळी पिकवायच्या वखारीत गेलं. कच्चे घड बंद खोलीत ठेवायचे आणि बरोबर पिवळे झाले की काढायचे, हे त्यांचं काम. एक दिवस उशीर झाला तर सगळी खोली वाया जाते. दार उघडल्याबरोबर अण्णा नाकानं सांगतात, कुठल्या कोपऱ्यातला घड उतरला, म्हणजे जास्त पिकून बिघडायला लागला, ते.

मेघा डब्यातून उतरली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांचा हात थांबला.

"हिच्या तोंडाला वास येऊन रायला," ते म्हणाले.

"उलटी झाली ना गाडीत."

"तो नाही." त्यांनी तिचा चेहरा वर केला आणि पुन्हा वास घेतला. "जास्त पिकलेल्या घडाचा वास आहे हा. काय खाल्लं तिनं?"

"काहीच नाही, अण्णा. सकाळपासून पाणीसुद्धा टिकलं नाही."

अण्णांना त्या आजाराचं नावही माहीत नव्हतं. पण तो वास कशाचा असतो ते माहीत होतं: आतून काहीतरी झपाट्यानं बिघडत चाललंय आणि थांबायला वेळ नाही. घरी आई ओवाळायला ताट घेऊन बसली होती. अण्णांनी रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगितलाच नाही. "सीधा अस्पताल," म्हणाले.

डॉक्टर हिंदीत बोलत होते. "पानी कब से ज़्यादा पी रही है?" मी म्हटलं, दो महीने. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, पण ते बघणं मला अजून आठवतं. नर्सनं मेघाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावला. आकडा आलाच नाही. पडद्यावर इंग्रजीत दोनच अक्षरं आली, 'हाय'. डोकं एवढं बधिर झालं होतं की मला वाटलं, मशीन नमस्कार करतंय.

"हाय मतलब इतना ज़्यादा कि मशीन गिन नहीं सकती," नर्स म्हणाली आणि धावतच आत गेली.

टाइप वन मधुमेह: मेघाच्या शरीरानं आतून इन्सुलिन बनवणं बंद केलं होतं. साखर रक्तात साठत होती, लघवीतून वाहून जात होती, म्हणूनच त्या मुंग्या, आणि शरीर आतून उपाशी मरत होतं. तिच्या रक्तात विष तयार झालं होतं, त्याचाच तो वास. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर अण्णांना म्हणाले. मी मागंच उभी होते.

तीन दिवस ती आयसीयूत होती. गल्लीत फटाके वाजत होते आणि आम्ही तिघं बाकावर बसून होतो. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, पुण्याचं गोड बाधलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही, आईस्क्रीम खाल्लं नसतं तरी झालाच असता. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मी फोनवर इचारलं होतं तुला."

 

त्याच दुपारी मेघानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. नर्सनं अर्धा पेला दिला. तिनं दोन घोट घेतले आणि पेला परत केला. "बस," म्हणाली. आई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

मेघा सहा महिने घरी राहिली. दिवसातून चार वेळा सुई. आईनं ठरवून टाकलं होतं की पोरगी आता कुठं जाणार नाही. "इथं डोळ्यांपुढं राहील." मलाही तेच वाटत होतं, खरं सांगायचं तर. तिला परत न्यायची माझ्यात हिंमत नव्हती. पण मी सुट्टीवर आले असताना एका दुपारी जेवायच्या आधी मेघानं कुडता वर करून आईसमोर स्वतःच्या पोटात सुई टोचली, दहापर्यंत मोजलं, काढली आणि म्हणाली, "हे मी इथं करते तसं तिथं पण करीन. तू रोज बघून काय होणार? तू बघितल्यानं शुगर कमी नाही होत आई." आई ताटावरून उठली. अण्णा मात्र जेवत राहिले. हात धुतल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिच्या कोर्सची फी कधी भरायची असते?"

म्हणून आम्ही परत गेलो. तिनं कोर्स पूर्ण केला आणि यंदा हैदराबादला नोकरी धरली. एकटी राहते. दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावलेला असतो, तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवतो. तिच्या फोनवर, पुण्यात माझ्या आणि बुऱ्हाणपूरला अण्णांच्या. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडा कळतो आणि शेजारचा बाण कळतो. वर, सरळ, खाली.

गेल्या रविवारी संध्याकाळी आकडा चढायला लागला. एकशे चाळीस, मग एकशे अठ्ठ्याऐंशी. अण्णांचा फोन आला.

"चढून रायला गं."

"आईस्क्रीमच्या दुकानात आहे ती. फोटो आलाय मला. पेरूचं सॉर्बे, वरून तिखटमीठ."

"सुई घेतली?"

"घेतली असेल."

तासाभरानं बाण खाली वळला. एकशे तीस. एकशे दोन. अठ्ठ्याहत्तर. साखर फार खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडू शकतं. मग आकडा गेला. त्या जागी नुसती आडवी रेघ. मी मेघाला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. अण्णांचा पुन्हा फोन आला आणि ते "हॅलो"सुद्धा म्हणाले नाहीत. मीही नाही. पलीकडं कुकरची शिट्टी झाली आणि आईनं गॅस बंद केला. मग तिघांच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना.

तुम्ही विचारता, घर आठवतं का? गल्ली आठवते, तापीचा घाट आठवतो. पण घर म्हटलं की हल्ली मला त्या फोनवरची शांतता आठवते. दोन गावांत तीन माणसं, चौथ्या माणसाची वाट बघत, आणि फोन ठेवायची कुणाचीच हिंमत नाही.

अकरा मिनिटांनी आकडा आला. एक्क्याण्णव, बाण सरळ. पाठोपाठ मेघाचा मेसेज: "बॅटरी गेली होती. बिस्किटं खाल्ली. एवढे मिस्ड कॉल कशाला?"

"आला," अण्णा म्हणाले.

"आला," मी म्हटलं.

पलीकडं आईनं पुन्हा गॅस पेटवल्याचा आवाज आला. अण्णांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पाच मिनिटांनी पुढचा आकडा येणार होता.