सात ते साडेनऊ

हर्षा कापगते अर्जुनी मोरगावकडची, तलावांवर शेती करणाऱ्या कोहळी समाजातली. नागपूरला संगणक शिकली आणि नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत नोकरीला लागली. जंगलवाटांवर संस्थेचे सहा कॅमेरे होते. वाघ कुठल्या कॅमेऱ्यासमोर किती वाजता आला, किती वाजता गेला, याच्या नोंदी ती ठेवायची.

एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडायला लागली. एका गावातल्या बायांनी विचारलं, वेचायला कोणत्या वेळी जावं? हर्षाने प्रोग्राम लिहिला. पंधरा दिवसांच्या नोंदी सुरुवातीच्या वेळेप्रमाणे लावायच्या, एकमेकींवर चढणाऱ्या नोंदी जोडून एकच सलग वेळ करायची, आणि मध्ये उरेल ती वेळ मोकळी धरायची. उत्तर आलं, सकाळी सात ते साडेनऊ. तसा कागद तिने समाजमंदिराच्या भिंतीला लावला.

अंधारात जाणाऱ्या बाया आता उजाडल्यावर जाऊ लागल्या. चारपाच दिवसांनी हर्षा गावात गेली तेव्हा अनुसयाबाई फुलं वाळत घालत होती. साठीची बाई, सगळ्यांच्या पुढे चालणारी. हात न थांबवता ती म्हणाली, "यंदा फुलं तशीच पडून राह्यतेत बाई. वानर एकही येऊन नाही राहिला."

मोहाच्या झाडाखाली वानर नाही, हे हर्षालाही खटकलं. पण कागद बरोबर आहे असं तिने सांगितलं.

दहाव्या दिवशी कॅमेऱ्यांची कार्डं आली. नाल्याजवळच्या कॅमेऱ्यात बाया दिसत होत्या, वाकून वेचणाऱ्या. वेळ सात चाळीस. त्यांच्या मागे, वीसेक पावलांवर, गवतात दोन कान. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वाघीण उठून बसलेली होती. पुढच्या प्रत्येक फोटोत ती थोडी जवळ आली होती. शेवटच्यात त्या बायांतली धुरपता टोपली भरत होती आणि वाघीण तिच्या पाठीशी उभी होती.

हर्षाने जुन्या नोंदी हाताने तपासल्या. एक नोंद सकाळी पाच वाजून दहा ते नऊ चाळीस. तिच्याच पोटात दुसऱ्या एका दिवसाची, सहा ते सात. जोडताना जो शेवट उशिराचा तो घ्यायचा असतो. तिच्या प्रोग्रामने दरवेळी नंतरच्या नोंदीचा शेवट घेतला होता. नऊ चाळीस पुसून सात झाले होते.

घड्याळात सव्वासात. फोन लागेना. तिने स्कूटी काढली. पोचली तेव्हा बाया जंगलातून परत येत होत्या. टोपल्या तिथेच राहिल्या होत्या. वाघीण समोरून वाटेवर येऊन उभी राहिली होती, आणि बाया पाठ न फिरवता मागे मागे सरकत निघाल्या होत्या.

हर्षाने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. फोटोही दाखवले. अनुसयाबाईने ते एकेक करून पाहिले आणि विचारलं, "मंग इतके दिवस काऊन सोडलन तिनं आमाले?"

हर्षाने भिंतीवरचा जुना कागद काढला.

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्त केलेला कागद लावला. पाच वाजून दहापासून अकरापर्यंत वाघाची एकच सलग वेळ होती. त्या वर्षी नाल्याकडचा मोह कोणी वेचला नाही. आठवड्याने वाघीण गावाच्या बांधापर्यंत आली, भर सकाळी, जिथे एकही कॅमेरा नव्हता.