हेमंतच्या उत्तराखालची हिरवी खूण

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं मोठं त्यात काही नाहीच, असं स्वतःला समजावत आलो — एका परीक्षेतलं एक उत्तर, त्यात एवढं काय? मग ते अजूनही आठवतं, ते काहून?

जबलपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सीए साहेबांच्या ऑफिसात हेमंत आणि मी एकत्र आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केली. दोघंही मराठी घरचे, म्हणून आमची नावं सगळे जोडीनंच घ्यायचे. तो हिंदी मीडियमचा, मी इंग्रजी. पुस्तक माझ्या डोक्यात लवकर बसायचं. काम त्याच्या हातात. कारखान्यात ऑडिटला गेलो की तिथला स्टोअरकीपर त्याला चहा पाजायचा आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकायचा. साहेब म्हणायचे, "हेमंत को साथ ले जाओ." माझं नाव त्यांच्या तोंडी असं कधी आलं नाही. — आता लिहिताना वाटतं, सुरुवात इथूनच करायला हवी होती.

आमच्या ऑफिसात प्रत्येक पोराची पेन्सिल वेगळ्या रंगाची असे. बिल पाहिलं की आपल्या रंगाची खूण करायची, म्हणजे ते कोणी पाहिलं हे कळतं. हेमंतची लाल, माझी हिरवी. परीक्षेच्या तयारीतही आम्ही तोच रिवाज ठेवला — एकमेकांची उत्तरं तपासायची आणि खाली आपली खूण करायची. हिरवी खूण दिसली की हेमंत त्या पानाकडे पुन्हा वळून पाहत नसे.

ऑडिटच्या पेपरात एक प्रश्न हमखास येई. चोरी, चूक टाळायला कंपनीने नियम घातलेले असतात. ते रोज पाळले जातात की नाही, हे तुम्ही कसं तपासाल ते लिहा. हेमंत काय लिहायचा? माल आल्यावर स्टोअरकीपरने मोजून पावतीवर सही करावी. आता, हा तर झाला नियम. दाराला कडी आहे, एवढंच त्याने सांगितलं. ती कडी रोज लागते का, हे पाहायला तू काय करशील? — तर वर्षभरातली काही बिलं काढीन, प्रत्येकासोबतची पावती पाहीन, तिच्यावर स्टोअरकीपरची सही आहे का, तारीख पैसे देण्याआधीची आहे का, ते बघीन. एक दिवस स्टोअरमध्ये उभा राहून तो खरंच मोजतो का, तेही पाहीन. असं लिहायचं असतं. आणि ऑफिसात हेमंत अगदी हेच करायचा! फक्त कागदावर उतरवताना स्वतःला बाहेर ठेवायचा, कंपनीचं तेवढं लिहून मोकळा व्हायचा.

मला ते त्याच्या पहिल्याच उत्तरात दिसलं होतं. सांगायला कितीसा वेळ लागला असता? हेमंत, तू काय करशील ते लिही. संपलं. त्याने कागद पुढे केला, म्हणाला, "बघ ना यार, जमून राहिलं का?" मी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हिरवी खूण केली.

एकदाच नाही. त्या तऱ्हेच्या प्रत्येक उत्तरावर केली. त्याचा राग होता का? नाही. तो नापास व्हावा असंही मला — थांबा, इथे तरी खोटं नको. तो माझ्या मागे राहावा, असं वाटत होतं. पण मागे म्हणजे किती मागे, हे ठरवणं का आपल्या हातात असतं?

ऑडिटचा पेपर झाला त्या दिवशी तो बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जलेबी घेऊन आमच्या घरी आला. आईला म्हणाला, "काकू, तुमच्या पोराच्या कृपेनं आज पेपर एकदम बढिया!" आईने मलाही वाटी दिली. मी खाल्ली.

निकाल लागला. मी पास झालो. तो नेमका ऑडिटमध्ये अडकला. ज्या पेपरांची त्याला धास्ती होती, त्यांत निभावला होता. "काहून झालं असं?" त्याने मलाच विचारलं. मी म्हणालो, तपासणारा कडक असेल. त्याने पुन्हा फॉर्म भरला नाही. म्हणाला, जे पक्कं येतं असं वाटलं तेच येत नसेल, तर मला काय येतं हे मला तरी कसं कळावं? वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसला. दुकान चांगलं चाललं. पण आजही कापड मोजून झालं की कात्री लावायच्या आधी तो नोकराला म्हणतो, "एक बार तू भी देख ले." मी ते ऐकलं आहे. समोर उभा राहून ऐकलं आहे.

आता त्याची मुलगी सई सीए करून राहिली आहे. तिचा क्लास अजून लागायचा होता, तेव्हा हेमंतने तिला माझ्याकडे पाठवलं. तिचं उत्तर वाचलं आणि — तेच. माल आल्यावर स्टोअरकीपरने सही करावी. मी म्हणालो, बेटा, हे असं नाही लिहायचं. पोर गोंधळली. "पण काका, हे तर बाबांनी सांगितलं. ते म्हणून राहिले होते, तुम्हीच तेव्हा तपासून बरोबर म्हटलं होतं."

बोलायची वेळ तीच होती. मी काय बोललो? म्हणालो, तेव्हा चालायचं, आता पेपरची पद्धत बदलली. मग कसं लिहायचं ते तिला नीट समजावलं. हुशार आहे, लगेच उचललं तिने.

संध्याकाळी हेमंतचा फोन आला. "पोरगी खूश आहे भाऊ! म्हणते, काकांनी चुटकीसरशी समजावलं." दुकानात कोणीतरी भाव विचारत होतं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही. "पण आपल्या वेळी ते बरोबरच होतं ना रे?"

मी म्हणालो, हो. बरोबर होतं.

नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.