रजेवर गेलेला डावा हात

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर माझा डावा हात नुसता खांद्याला लटकून राहिला. चालता येत होतं, बोलता येत होतं, उजव्या हाताने जेवता येत होतं. म्हणजे भेटायला येणाऱ्यांच्या मते मी थोडक्यात वाचले होते. पण पेटीला दोन हात लागतात, उजवा पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. इंदिरानगरातल्या आमच्या भजनी मंडळात पेटी इतकी वर्षं माझ्याकडे होती, ती आता दुसऱ्या बाईंकडे गेली. "ताई, तुम्ही नुसत्या येऊन बसा," सगळ्याजणी म्हणाल्या. नुसतं बसायला मी काय पाहुणी होते? टाळ घ्यावेत तर त्यांनाही दोन हात लागतात. मला माझी जागा परत हवी होती.

नवरा नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेला. त्याला अजून सगळं ऑफिसच्या भाषेतच सुचतं. "तुझा डावा हात मेडिकल रजेवर आहे," तो म्हणायचा, "होईल रुजू." तोवर भाता मारायची तयारीही त्याने दाखवली. शेजारी मांडी घालून बसायचा आणि सायकलमध्ये हवा भरावी तसा मारायचा. मला सूर हळूच सोडायचा असे, नेमका तेव्हा याचा जोर यायचा. गाणं माझं आणि श्वास दुसऱ्याचा, असं वाजवता येत नाही हो. आम्ही कडाकडा भांडलो आणि पेटीवर पुन्हा खोळ चढली.

लेक बंगळूरला असते. कॉलेजात असताना तिला गाणी रेकॉर्ड करायचं वेड होतं. तेव्हाचा तिचा छोटा कीबोर्ड माळ्यावर पडून होता. त्याला भाता नाही, हे एक दिवस माझ्या डोक्यात आलं आणि मी तो खाली काढायला लावला. नवऱ्याने नोट तपासावी तसा तो उजेडात उलटसुलट करून पाहिला आणि पास केला.

वायर लॅपटॉपला जोडली. दिवे लागले. पट्टी दाबली तर चिडीचूप. लेकीला फोन केला.

"आई, त्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबलीस, किती जोरात दाबलीस, एवढंच तो लॅपटॉपला सांगतो. आवाज सॉफ्टवेअरमधून येतो. मी दिवाळीत आले की लावून देते."

"मी दिवाळीपर्यंत थांबणार नाही. तू सांग, मी करते."

माउसही उजव्याच हातात आणि पट्ट्याही. तिने सांगितलेलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवलं, त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डचं नाव सापडलं, त्यापुढे टिक केली, पेटीचा आवाज निवडला. सूर आला, पण उशिरा. मी पट्टी दाबणार आणि तो मागून डुलत येणार. लेकीने बफर नावाचा आकडा कमी करायला सांगितला. फार कमी केला तर नुसती खरखर. कमी कर, वाढव, पुन्हा कमी कर, असं करता करता सूर बोटाखाली आला.

मग मी वाजवलं आणि माझा चेहराच पडला. आवाज पेटीचा होता, पण लिफ्टचं दार उघडं राहिलं की वाजतं ना, तसा सपाट. फुगणं नाही, उतरणं नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला.

कीबोर्डच्या डाव्या टोकाला दोन चाकं होती. एक हलवलं की सूर वाकडा व्हायचा आणि सोडलं की ते आपोआप जागेवर यायचं. दुसरं मात्र ठेवावं तिथे राहायचं. मी त्या दुसऱ्याकडे बघत बसले. लेकीला पुन्हा फोन केला.

"या चाकाने आवाज कमीजास्त करता येईल का गं?"

"येईल की. व्हॉल्यूमवर राइट क्लिक कर, 'लर्न' निवड आणि चाक फिरव. ते शिकून घेईल."

ते लगेच शिकलं. हात शिकेना. उजव्या हाताने डावा उचलायचा, उशीवर टेकवायचा, अंगठा चाकावर ठेवायचा. गंगापूर रोडच्या फिजिओथेरपिस्टने दिलेला पिवळा चेंडू मी कधी मनापासून दाबला नव्हता, कारण चेंडूतून काही ऐकू येत नाही. इथे अंगठा सरकला तर सूर उठायचा, नाही सरकला तर शांतता. ती शांतता मला सहन होत नव्हती. रोज सकाळी चहा झाला की मी बसायची. अंगठा थरथरायचा, त्याच्याबरोबर सूरही थरथरायचा. थरथरू दे, म्हटलं, पण ये.

एका सकाळी नवरा स्वयंपाकघरात मेथी निवडत होता. मंडळात शेवटी म्हणतो ती भैरवी मी धरली. सूर भरत होता, शब्द संपेल तिथे हलकेच विरत होता, पुन्हा श्वास घेऊन उठत होता. आतून आवाज आला, "कोण आलंय गं? भाता कोण मारतंय?"

मी वाजवत राहिले. तो मेथीचे हात पुसत दारात आला आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत उभाच राहिला.

"रुजू झालाय," मी म्हणाले. "मंडळाला कळवा."