अठराविश्वे

शिंप्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून काजवाली मावशी दिवसभर शर्टांची काजं-बटणं करायची. नवरा लवकर गेला. एकुलत्या पोराला तिनं सुईच्या टोकावर वाढवलं. "माझी चूल कधी थंड राहिली नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पोरगा कारखान्यात फोरमन झाला, तेव्हा कामगारांनी त्याचा सत्कार ठेवला. मावशी ठेवणीतले कपडे घालून पुढच्या रांगेत बसली. पोरगा बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "अठराविश्वे दारिद्र्यात वाढलो मी."

टाळ्या पडल्या. मावशीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हा शब्द तिनं आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दलच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं शिंप्याला विचारलं, "अठराविश्वे म्हणजे नेमकं किती हो?"

शिंप्यानं कात्री खाली ठेवली. "अठरा विसे तीनशे साठ, असं जुनी माणसं सांगायची. वर्षाचे सगळे दिवस. एका दिवसाचीही सुटका नाही, असं दारिद्र्य."

"वर्ष तर तीनशे पासष्टाचं! म्हणजे पाच दिवस तरी आम्ही श्रीमंत होतो म्हणायचं."

शिंपी हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी तिनं पोराला धारेवर धरलं. "चारचौघांत आईची लाज काढलीस. कधी उपाशी निजवलं होतं का रे तुला?"

"मला नाही. तू निजायचीस."

"कुणी सांगितलं तुला?"

"रिकाम्या पातेल्यात डाव फिरवायचीस, तुझंही वाढून होतंय असं मला वाटावं म्हणून. आवाजावरून कळतं गं. मग मी दोन घास ठेवून उठायचो. पोट भरलं म्हणायचो."

पोरगं चिमणीएवढं खातं, हे मावशीनं जगाला कौतुकानं सांगितलं होतं. आणि ते दोन घास, उरलंय म्हणून, तीच खात आली होती.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू इतक्या झोकात खोटं बोलायचीस, मोडवेना."

तिनं त्याचं मनगट हातात घेतलं. आता ते चांगलं भरलेलं होतं. पण त्या वयातली भूक त्या वयातच राहिली होती, तिथे आता काय वाढणार?

पुढे कुणी सत्काराचा विषय काढला की ती एवढंच म्हणायची, "खरं तेच बोलला तो. मलाच उशिरा कळलं."