मामेसासऱ्यांची उन्हाची कंपनी

जगात स्पिंट्रॉनिक्सवर संशोधन करणाऱ्या जेवढ्या कंपन्या असतील, त्या सगळ्यांची काळजी अकोल्यातला एकच माणूस वाहतो, आणि ते माझे मामेसासरे आहेत. कंपन्यांना हे ठाऊक नाही. मामा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये साहाय्यक होते. निवृत्तीच्या दिवशी इतर लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात; मामा इंटरनेटवर गेले. तेव्हापासून कोणत्या कंपनीने कुठली चुंबकी मेमरी काढली आणि कोणी कोणाला विकत घेतलं, हे ते सोयरीक सांगावी तसं सांगतात. मी अमरावतीहून जावई म्हणून गेलो की चहाआधी माझ्या हातात कंपन्यांची माहितीपत्रकं येतात. त्यांत पांढऱ्या कोटातली माणसं हवेकडे पाहून हसत असतात आणि मानवजातीचं भविष्य घडवत असल्याचं खाली लिहिलेलं असतं.

"पण मामा, हे विकतात काय?" मी एकदा विचारलं.

"इलेक्ट्रॉनले चार्ज असते, तसा स्पिनबी असते. वर, नाही तं खाली. त्याच्यावर लिहून ठेवाचं. मंग विजेची लाइन गेली तरी पुसत नाही. आता सांगा, लाइन कुठं जाते? हा शोध अकोल्यासाठीच आहे, जावईबापू!"

कंपन्या अशा मेमरीच्या चिपचा फुकट नमुना देतात, पण तो कंपनीलाच देतात, असं कळल्यावर मामा कंपनी झाले. लेटरहेडवर 'उष्ण प्रदेश चाचणी केंद्र, अकोला' असं छापलं. संचालक मामा, मुख्य अभियंता मामा, आणि मी इंग्रजी शिकवत असल्याने परदेश व्यवहार माझ्याकडे. आमचं म्हणणं साधं होतं: तुम्ही चिपा भट्टीत तापवून तपासता, त्यापेक्षा मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाठवा. "जन्मभर या उन्हानं आपलं रक्त आटवलं," मामा म्हणाले, "एकदा तरी ते कोनाच्या कामी येऊ द्या. कोन्या कंपनीनं नुसतं लिहून पाठवलं, का अकोल्याचा रिपोर्ट कामाचा आहे, तरी बस झालं."

आणि खरंच एका कंपनीने तुरीच्या दाण्याएवढी चिप पाठवली. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून ती एका पट्टीवर बसवून घेऊन मामांनी तिच्यात एक वाक्य लिहिलं, 'मी अकोल्यात आहे', आणि वीज न जोडता ती ताटलीत घालून उन्हात ठेवली. गच्ची मात्र मामींची होती.

"अवो, त्या चिपले तिकडं सरकवा! माह्या कुरडया वाळून राहिल्या."

"ते चाचणीत आहे."

"मंग कुरडया का परीक्षेत बसल्या?"

रोज संध्याकाळी चिप संगणकाला जोडायची, घरादाराने श्वास रोखायचा आणि वाक्य उमटलं की मामांनी ओरडायचं, "आहे!" महिनाभराचा अहवाल मी इंग्रजीत लिहिला. तेव्हा कंपनीच्या कागदावर मला दिसलं, की ही चिप पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकते असं त्यांनीच लिहून दिलंय. आमचं अकोलं बिचारं सेहेचाळीसवर. मामांना ते न सांगता मी अहवाल पाठवला.

उत्तर आलं ते पुढच्या मे महिन्यात. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे, ही चिप आता बनत नाही, अहवालाची गरज नाही. मामांना मी सांगितलं, "आभार मानलेत."

त्यांनी कागद घेतला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हा 'डिसकंटिन्यूड' शब्द मी लॅबच्या कॅटलॉगमधी जन्मभर वाचला, जावईबापू. अन् पंच्याऐंशीचा आकडाबी मले वाचता येते."

"मग महिनाभर कशासाठी, मामा?"

"भट्टीत धूळ नसते. माकडं नसतात. तुमची मामी नसते." ते हसले, पण नेहमीसारखे नाही.

त्या दुपारी मामींनी कोणी न सांगता कुरडया सरकवल्या आणि चिपच्या ताटलीला पुन्हा जागा केली. संध्याकाळी आम्ही चिप जोडली. तिची कंपनी आता जगात कुठेच नव्हती. पडद्यावर अक्षरं उमटली: मी अकोल्यात आहे.

मामांनी चिप काढून परत ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "कंपनीले कळवून टाका."

मी लेटरहेड काढलं. कोणत्या कंपनीला, हे विचारलं नाही.