एका सर्व्हरवरच्या दोन पाट्या

ती दुपार आठवली की आजही अंगात तोच जोर येतो. निवृत्ती जवळ आली होती आणि मी मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. उत्तनची एक मासेविक्रेती ठाणे अंमलदाराशी तावातावाने बोलत होती. मी तिला आत बोलावले.

"सायेब, माजी पोर नर्स हाय. परदेशात नोकरी लागली म्हनून सकाली गाडी आली न् तिला घेऊन गेली. आता फोन बंद. त्यांचा शांती नगरचा आपिस बगून आले, तिथं कोन न्हाय!"

नोकरी एका वेबसाइटवरून लागली होती. त्या परदेशी रुग्णालयाला मेल केला, तर कोणालाच बोलावले नसल्याचे उत्तर आले. विमान संध्याकाळचे होते. मुलगी एकदा देशाबाहेर गेली की आमचे हात तिथवर पोचणार नव्हते. पोर आल्याशिवाय उठणार नाही, असे बजावून आई बाकावर बसली.

त्या वेबसाइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीनेही मेलला लगेच उत्तर दिले. सर्व्हर व्हीपीएस होता, भाडेकरूचे नाव मात्र खोटे निघाले. एवढ्यात सायबर कक्षाची उपनिरीक्षक जवळपास धावतच आली. पोरगी तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण.

"सर, त्याच आयपी पत्त्यावर अजून एक साइट चालतेय. शांती नगरमधल्या एका सोसायटीची!"

"शेजारी असेल."

"शेअर्ड होस्टिंग असतं तर शेजारी म्हटलं असतं. ती चाळ असते, शेकडो बिऱ्हाडं आणि नळ एकच. व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या मशीनमध्ये पाडलेले फ्लॅट. प्रत्येकाची मेमरी, सिस्टीम, पत्ता, चावी, सगळं वेगळं. या फ्लॅटच्या दारावर दोन पाट्या आहेत, म्हणजे चावी एकाच माणसाची."

मी टोपी तिथेच ठेवून साध्या कपड्यांत सोसायटी गाठली. सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले, "वेबसाइट हमारे खजिनदार साहब ने बनाई, एक रुपया नहीं लिया. आदमी हीरा है!"

त्यांना विश्वासात घेऊन मी खजिनदाराला फोन करायला लावला. उद्या टाकी धुणार, अशी नोटीस वेबसाइटवर टाका म्हणावे. चहा संपायच्या आत नोटीस झळकली. मला तर टाळीच वाजवावीशी वाटली.

हिऱ्याला ठाण्यात आणले. समोर बसवून मी म्हटले, "टाकीची नोटीस झकास लिहिलीत. कोणाकडून टाकून घेतली?"

"कोणाकडून कशाला? मीच टाकली, सर. सर्व्हर मीच सांभाळतो," तो खुशीत म्हणाला.

नर्स भरतीची साइट दाखवली तेव्हा त्याने हात झटकले. "सर, एका सर्व्हरवर शंभर साइट असतात. दुसरी कोणाची, मला काय माहीत?"

"शंभर नाहीत, दोनच आहेत," उपनिरीक्षक म्हणाली. "आणि सर्व्हर सांभाळणारे तुम्हीच. आत्ताच सांगितलंत."

त्याने पाणी मागितले. मी त्याला दारातून बाकावरची आई दाखवली. शेवटी त्याने खाडीपलीकडच्या एका फ्लॅटचा पत्ता सांगितला.

पंच आणि महिला पोलीस घेऊन आम्ही सुसाट निघालो. फ्लॅटमध्ये भरलेल्या बॅगा आणि नटूनथटून बसलेल्या तीन मुली होत्या. सगळ्यांचे पासपोर्ट दारावरच्या माणसाच्या खिशात होते. उत्तनची मुलगी उलट माझ्यावरच चिडली, "सर, माझं विमान चुकेल!" रुग्णालयाचे उत्तर वाचून दाखवल्यावर ती बॅगेवरच मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला, "साहब, हमारी वेबसाइट बंद है! और लोगों ने बाल्टियाँ भर रखी हैं!" टाकी त्यांना खरोखरच धुवावी लागली.

माणूस नाव लपवतो, पत्ता लपवतो, पण चारचौघांत मिळणारे कौतुक त्याला सोडवत नाही. पुढे प्रत्येक तपासात मी आधी विचारायचो, हा माणूस फुकट काय करतो?

सुटकेच्या त्या संध्याकाळी ठाण्यात शिरताच मुलीला रडू फुटले. "आई, माजी नोकरी गेली गं."

बाई अखेर बाकावरून उठली. "जाऊ दे. तू हायस न्हवं?"