अंगाचं वय

"वय मला इचारू नका पावणं, अंगाला इचारा!" असं म्हणत आमच्या गल्लीतले आबा समोरच्याचा हात हातात घेऊन करकचून दाबायचे. तो कळवळला की आबा खूश. म्हणून जाणकार मंडळी त्यांना लांबूनच नमस्कार करायची. तुम्हीही केला असता.

पंचाहत्तरी उलटली तशी मुलानं त्यांच्या स्कूटरची चावी काढून घेतली. दर रविवारी मावशींना, म्हणजे बायकोला, मागं बसवून आबा गडमुडशिंगीला धाकट्या बहिणीकडं जायचे. ती बिचारी सकाळपासून दारात बसून वाट बघायची. चावी गेली आणि आबांचा रविवारच गेला.

तेवढ्यात आमच्या दवाखान्यात म्हातारपणावरचं संशोधन सुरू झालं. रक्त, चाल आणि हाताची पकड तपासायची, आणि शरीर वयाच्या मानानं तरुण आहे की थकलेलं याचा अंदाज काढायचा. रक्त काढायचं काम माझ्याकडं होतं.

आबा हरखले. "पोरी, साठच्या आतला आकडा दे. पोराच्या तोंडावर मारतो आन् चावी घेतो!"

हा नुसता अंदाज आहे, लायसन नव्हे, असं डॉक्टरांनी बजावलं. पण ऐकतोय कोण?

रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. आबा आले ते कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन. मिशीला फेस तसाच.

"आबा, उपाशी या म्हटलं होतं की!"

"कुस्तीला कोण उपाशी जातंय व्हय?"

मी कपाळावर हात मारला. सोबत आलेल्या मावशींची त्या दिवशी संकष्टी होती, पोटात चहासुद्धा नव्हता. त्या बाही वर सारत म्हणाल्या, "आलोयच न्हवं, तर माझं काढ की." आबांचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं.

निकाल आले. मावशींचं अंग वयापेक्षा दहा वर्षांनी तरुण, आबांचं दोन वर्षांनी म्हातारं. आबा कागदाकडं बघतच राहिले. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी मावशींना खालून वर न्याहाळलं आणि सोबत आलेल्या मुलावर गरजले, "मग चावी हिला दे की!"

"शिकली तर देतो," म्हणून मुलगा हसला आणि तिथंच फसला. मावशी शिकल्या, लायसन काढलं, आणि रविवार परत आला. आबा मागं बसून "ब्रेक! अगं, ब्रेक!" असं ओरडत गल्ली जागी करायचे. इंडिकेटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वळण आलं की मागून त्यांचा लांबलचक हात बाहेर यायचा आणि त्यानंतरच मावशी गाडी वळवायच्या.

गेल्या वर्षी आबा गेले. गल्लीत आता कुणी हात दाबत नाही, आणि मला ते आवडत नाही.

मावशी अजून रविवारी गडमुडशिंगीला जातात. परवा माझी गाडी त्यांच्या मागंच होती. कोपऱ्यावर त्यांचा इंडिकेटर लुकलुकत होता, तरी त्या थांबल्या.

"आवो, हात भाईर काढा की," मावशी म्हणाल्या, आणि वळल्या.